पडवी काढताना

"पडवी काढताय? मग लग्न कुणाचं?"

आईने इतक्या सहज विचारलं की मी हसले आणि विषय बदलला. ऑगस्टातला रविवार होता. इथे सकाळचे आठ, तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तिथे पाऊस नुकताच थांबला असावा, कारण तिच्या आवाजामागे पागोळ्यांचा आवाज येत होता, एकेक थेंब सावकाश दगडावर पडणारा. मी तिला सांगत होते की घरामागचं डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, वाढवायला घेतोय, सुतार मापं घेऊन गेलाय, परवान्याचा अर्जही भरलाय. आईच्या बोलण्यात डेक हा शब्द कधी आलाच नाही. 2004 साली ती आणि बाबा पहिल्यांदा डेट्रॉईटला आले, तेव्हा स्वयंपाकघराचं काचेचं दार सरकवून ती बाहेर गेली, फळ्यांवर टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, "मागीलदारची पडवी होय!" तेव्हापासून ती पडवीच. वर छप्पर नाही हे तिने पहिल्या दिवशी एकदा बोलून दाखवलं आणि सोडून दिलं. पण पडवी कुणी उगाच काढत नाही. घरात लग्न निघतं, धाकट्या भावाचा संसार वाढतो, म्हैस येते, काहीतरी आत मावेनासं होतं तेव्हा पडवी निघते. तिचा प्रश्न त्या हिशोबाने अगदी सरळ होता.

आमच्या घरात काय मावत नव्हतं?

लेक सिअ‍ॅटलला असते, मुलगा बॉस्टनला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची दारं आम्ही बंद ठेवतो, हिवाळ्यात तिकडे हीटर कमी ठेवता येतो म्हणून. जेवणाच्या टेबलावर सहा खुर्च्या आहेत, त्यातल्या दोन झिजल्या आहेत, चार नव्यासारख्या आहेत. अशा घराला मागच्या बाजूने आणखी दहा फूट जोडायला आम्ही निघालो होतो. याआधी जुलैत सुतारानेही असंच काहीसं विचारलं होतं. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि प्रश्न अगदी कामापुरता: एका वेळी किती माणसं उभी राहतील? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, पंचवीस-तीस. त्याने आकडा लिहून घेतला. रात्री भांडी आवरताना नवरा म्हणाला, "पंचवीस माणसं आपल्याकडे शेवटची कधी आली होती गं?" तो टोचून बोलत नव्हता, खरंच आठवत होता. मलाही आठवेना. लेकीच्या ग्रॅज्युएशनला, की त्याच्या पुढच्या वर्षीच्या गणपतीला? करोनाच्या आधीचं काहीतरी. मी ज्या आत्मविश्वासाने पंचवीस म्हटलं होतं, तो त्या जुन्या दिवसांचा होता.

मला जे पडवी वाढवणं माहीत आहे ते 1979 सालचं. मी नऊ वर्षांची होते. वैशाखात ताईचं लग्न ठरलं आणि शिमगा होताच बाबांनी पुढची पडवी वाढवायला घेतली. चिरे खाणीवरून बैलगाडीने आले. ताज्या कापलेल्या जांभ्या चिऱ्याला ओला, लोखंडासारखा वास असतो; हात फिरवला की तळवा तांबडा होतो आणि दोन दिवस तसाच राहतो. खांबांना फणसाचं लाकूड होतं, वाशांना किंजळ. सुतारकाका प्रत्येक वासा उचलून डोळ्याशी धरायचे, एक डोळा मिटून त्याच्या अंगावरून नजर पार दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे, आणि मग काही न बोलता तो या ढिगात किंवा त्या ढिगात ठेवायचे. आम्ही मुलं रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालपटांची कानातली करून मिरवायचो. जमीन चोपायला शेजारपाजारच्या बायका आल्या. तांबडी माती पसरायची, पाणी शिंपडायचं, आणि ओळीने बसून चोपण्याने बडवत मागे मागे सरकायचं. त्या आवाजाला एक लय होती. दुपारी डोळा लागायचा तो त्या लयीतच. वरून शेणाचं सारवण झालं आणि पहिल्या रात्री आम्ही सगळी भावंडं तिथेच झोपलो. पाठीखाली गारवा, नाकात शेणाचा आणि ओल्या मातीचा वास, डोक्यावर नवी कौलं.

आणि त्या पडवीला एक मर्यादा होती, जी मला तेव्हा समजली नाही. पडवीचं छप्पर घराच्या छपरातूनच पुढे उतरतं. उतार राखायचा, नाहीतर पावसाचं पाणी कौलांतून आत येणार. त्यामुळे पडवी जितकी पुढे न्यावी तितकी वळचण खाली येते. बाबांना पंगत मावण्यासाठी तीन हात पडवी जास्त हवी होती. ती मिळाली, पण बाहेरच्या कडेला त्यांच्यासारख्या उंच माणसाला वाकून जावं लागायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्या एका काकांचं कपाळ तुळईला आपटलं, तेव्हा आईने जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तुळईच्या टोकाला गुंडाळला. लग्न झालं. पानं उठली, गॅसबत्त्या विझल्या. बाबा पुढची पस्तीस वर्षं त्या तुळईखालून वाकून ये-जा करत राहिले. वाढवलेल्या प्रत्येक पडवीची काहीतरी किंमत असते आणि ती रोज थोडी थोडी द्यावी लागते, असं त्यांच्या पाठीकडे बघून वाटायचं.

इथे छप्पर नाही, म्हणून तशी अडचणही नाही. शेजारच्या हद्दीपासून ठरलेलं अंतर सोडलं की डेक हवं तितकं पसरता येतं. आमच्या बाबतीत मात्र जागा मुळात मोकळी नव्हती, ती रिकामी झाली होती. घर घेतलं तेव्हा, 2001 साली, डेकपुढे ॲशचं एक मोठं झाड होतं. दुपारी तीननंतर सगळ्या फळ्या त्याच्या सावलीत. पुढच्याच वर्षी पेपरात बातम्या यायला लागल्या. पाचूसारख्या हिरव्या रंगाचा, जेमतेम अर्ध्या इंचाचा एक किडा आशियातून इथे पोचला होता आणि देशात तो पहिल्यांदा ओळखला गेला तो आमच्याच डेट्रॉईट परिसरात, 2002 मध्ये. एमराल्ड ॲश बोरर. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे करत जाते आणि झाडाचा अन्नपाण्याचा रस्ताच तोडते. किडा बाहेर पडतो तेव्हा खोडावर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं इवलंसं भोक राहतं. आमच्या झाडाचा शेंडा आधी विरळ झाला, मग खालून खोडालाच नवी फूट आली. मरणारं झाड असं वेड्यासारखं फुटतं हे मला ठाऊक नव्हतं, मी आनंदले होते. 2006 मध्ये ते कापावं लागलं. आमच्या एका गल्लीत त्या दोन-तीन वर्षांत किती झाडं गेली! उन्हाळ्यातल्या दुपारी करवतीच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही. त्यानंतर डेकवर दुपारी बसणं जवळजवळ संपलंच. त्या जागी गवत आलं, पण पाऊल टाकलं की जमीन थोडी दबायची, अजूनही दबते. आत मुळं कुजत होती.

सुतार मूळचा मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलाचा, पूर्वज फिनलंडहून आलेले. साठीचा, हातावर जुन्या जखमांचे पांढरे व्रण. पहिल्या दिवशी त्याने नवीन काहीच बांधलं नाही. जुन्या डेकची घराला लागून असलेली पहिली फळी उचकटली आणि गुडघ्यावर बसून आत बघत राहिला. मग मला हाक मारली.

डेकच्या घराकडच्या बाजूला एक आडवी फळी भिंतीला जोडलेली असते, तिला लेजर म्हणतात. सगळे जॉइस्ट, म्हणजे डेकचे वासे, एका बाजूने तिच्यावर टेकतात. म्हणजे अर्धं डेक त्या एका फळीच्या जिवावर उभं असतं. आमची लेजर काळी पडली होती. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि लाकडावर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. आवाज झाला नाही. शिळ्या केकमध्ये सुरी जावी तसा गेला. आधीच्या मालकाने 1998 साली डेक बांधताना भिंत आणि फळी यांच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवलीच नव्हती. पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी सत्तावीस वर्षं त्या फटीतून उतरत होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांच्या गोष्टींबद्दल म्हणतो. इथे ते खरोखरच मुरलं होतं, आमच्या पायाखाली, आम्ही चहा पीत असताना.

पण त्याहून वाईट गोष्ट त्याने नंतर सांगितली. ती फळी भिंतीला फक्त खिळ्यांनी जोडलेली होती. बोल्ट एकही नव्हता. "खिळा वजन पेलतो," तो म्हणाला, "ओढ पेलत नाही." त्याने दोन तळहात एकमेकांवर ठेवून दाखवलं. वरून दाबलं तर खिळा मोडायला वेळ लागतो. पण माणसं कठड्याकडे जमली, एका तालात हलायला लागली, की डेक घरापासून दूर ओढलं जातं आणि खिळा हळूहळू सुटत बाहेर येतो. मग त्याने माझे ते पंचवीस-तीस काढले. जुनं डेक बारा बाय चौदा फूट, म्हणजे 168 चौरस फूट. चौरस फुटाला 40 पौंड धरून डेक बांधायचं असतं, म्हणजे साडेसहा हजार पौंडांच्या वर, जवळजवळ तीन टन. पंचवीस-तीस माणसं त्यात आरामात बसतात. माणसांचा आकडा ठीक होता, जोड ठीक नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा दीड दिवसाचा गणपती असायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती आत व्हायची आणि विसर्जन डेकवर. निळ्या टबात पाणी, त्यात फुलं, भोवती सगळी गर्दी. महाराष्ट्र मंडळातली चार-पाच कुटुंबं, त्यांची मुलं, भारतातून आलेले आजी-आजोबा खुर्च्यांवर कडेने. मूर्ती पाण्यात जाताना मुलं जोरजोरात उड्या मारायची. "गणपती बाप्पा" म्हटलं की सगळी वर, "मोरया"ला सगळी खाली. फळ्या थरथरायच्या, टबातलं पाणी हिंदकळायचं आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. टबात विरघळलेली माती मी दुसऱ्या दिवशी लायलॅकच्या बुंध्याशी ओतायचे. 2003 च्या जूनमध्ये शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका पार्टीत तिसऱ्या मजल्याचा लाकडी पोर्च माणसांसकट खाली कोसळला होता आणि 13 जण गेले होते, बहुतेक विशीतली मुलं. ती बातमी आम्ही त्या वर्षी वाचली होती, हळहळलो होतो. आणि त्याच सप्टेंबरात आमच्या मागे मुलं उड्या मारत होती.

बाबांनी ते पाहिलं होतं का, हा विचार पहाटे आला. 2004 च्या त्या पहिल्या भेटीत जेट लॅग उतरायच्या आधीच ते डेकखाली शिरले होते. आई वरून हाका मारत होती, कपडे मळतील म्हणून. बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "जोड बघून ठेवा." पण बाबा हे सगळ्यालाच म्हणायचे. नव्या फ्रीजला, माझ्या मुलाच्या सायकलला, मंडळाच्या नाटकाच्या नेपथ्यालासुद्धा. गावी ते दर पावसाळ्याआधी शिडी लावून घराचं छप्पर आणि पडवीचं छप्पर जिथे मिळतं ती रेघ कौल कौल उचलून तपासायचे. नवं आणि जुनं मिळतं तिथेच गळतं, हे त्यांचं ठाम मत. डेकखाली त्यांना नेमकं काही दिसलं, की ते आपल्या सवयीने बोलले, हे आता कुणाला विचारायचं? त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही "हो बाबा" म्हटलं आणि त्यांना नायगारा दाखवायला नेलं.

जुन्या लाकडाबद्दल आणखी एक सल होता. 1998 च्या त्या लाकडात कीड लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं होतं. त्या काळी सगळीच डेकं त्या लाकडाची. हिरवट झाक असायची त्याला, हात लावला की किंचित ओलसर वाटायचं. 2002 च्या सुरुवातीला बातमी आली की घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं 2003 च्या अखेरीस बंद होणार. आमचा मुलगा तेव्हा रांगत होता. त्याचे गुलाबी तळवे, गुडघे, तोंडात घातलेली बोटं, आणि मी पेपर हातात घेऊन उभी. असलेली डेकं तोडायची गरज नाही, वरून लेप देत राहा, असं सरकारी सांगणं होतं. मग दर एक वर्षाआड मी उन्हाळ्यात स्वतः तो लेप द्यायचे, फळी फळी करून, कुणालाही हात लावू न देता. आज मुलगा सहा फूट उंच आहे, त्याला यातलं काही आठवत नाही. मला मात्र अजून त्या लेपाचा उग्र वास आला की पोटात कालवतं. आता जुन्या फळ्या काढल्या तेव्हा सुताराने बजावलं, शेकोटीत एकही तुकडा जाता कामा नये. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं. सगळ्या मोजून, बांधून, कचऱ्याच्या गाडीतून गेल्या. गावी जुन्या वाशांवर दोन हिवाळे पाणी तापायचं.

कुजलेली लेजर काढली, मागची भिंत दुरुस्त झाली. आणि सुतार म्हणाला, आता या डेकला घराला टेकवायचंच नाही. भिंतीपासून दोन फुटांवर वेगळे खांब, त्यावर तुळई. डेक स्वतःच्या पायांवर उभं राहील, घराशी त्याचं एक इंचाचं अंतर राहील, पाणी त्यातून सरळ मातीत जाईल. मला ते पटलं, तरी मन जरा खट्टू झालं. पडवी म्हणजे घराच्या अंगाला टेकून बसलेली. तिला स्वतःचं असं काही नसतं, घराचीच एक भिंत तिची भिंत. मी लहानपणी पडवीतल्या त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचे तेव्हा आतून आईच्या जात्याची घरघर पाठीत जाणवायची. एक इंच काही फार नाही. पण मी मुलांना फोनवर हे सांगितलं तेव्हा लेक पटकन म्हणाली, "दॅट्स सो मच सेफर, आई," आणि तिचं बरोबर होतं.

खड्डे खणायच्या आधी 811 ला फोन करावा लागतो. माणसं येऊन जमिनीखालच्या वायरी, गॅसच्या नळ्या यांच्यावर रंगीत खुणा करून जातात. अंगणात लाल, पिवळ्या, केशरी झेंड्या लागल्या. पहिल्या दिवशी खरंच मंडप पडणार असल्यासारखं दिसत होतं. खड्डे 42 इंच खोल. मिशिगनमध्ये हिवाळ्यात जमीन तितकी गोठू शकते, आणि ओली चिकणमाती गोठली की फुगते. पाया वर राहिला तर ती खांबाला हळूच उचलते, वसंतात सोडते, पुन्हा उचलते. म्हणून गोठणाऱ्या थराच्या खाली जायचं, जिथे माती कायम शांत असते. वरची वीतभर काळी माती, मग पिवळी, आणि साडेतीन फुटांवर निळसर राखाडी, साबणासारखी गुळगुळीत. एका खड्ड्यात मात्र अडीच फुटांवर ॲशची मुळं लागली. बोटाने चुरली जात होती इतकी भुसभुशीत, अळंबीसारखा वास. तिथे पाया घालता येणार नव्हता, न हललेली घट्ट जमीनच लागते. तो खांब दीड फूट डावीकडे सरकला. त्यामुळे तुळई बदलली, एका जॉइस्टची जागा बदलली, खर्च वाढला. एकोणीस वर्षांपूर्वी गेलेलं झाड अजून आपली जागा धरून होतं.

जॉइस्ट बसवताना सुतार प्रत्येक लाकूड उचलून डोळ्याशी धरायचा. एक डोळा मिटून. मी हातातला चहा तसाच धरून बघत राहिले. सरळ दिसणाऱ्या लाकडालाही जराशी कमान असते, त्याने सांगितलं. फुगीर बाजू नेहमी वर ठेवायची. वजन आलं की ते आपोआप सपाट होतं. सुतारकाका दोन ढीग का करायचे ते मला सेहेचाळीस वर्षांनी समजलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने त्याच्या पणजोबांबद्दल सांगितलं. फिनलंडहून आलेली माणसं जंगलात जमीन घ्यायची आणि सगळ्यात आधी सौना बांधायची. घर नंतर. त्या एका खोलीत राहायचं, अंघोळी तिथेच, बाळंतपणंही तिथेच. मी त्याला पडवीत झालेल्या माझ्या धाकट्या भावाच्या बारशाबद्दल सांगितलं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं आणि छपराचा उतार किती अंशाचा होता ते विचारलं.

पहिला खांब उभा करायच्या दिवशी मी आईला फोन केला नाही. केला असता तर तिने विचारलंच असतं, मेढ रोवली का. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब ती मुहूर्तमेढ, आंब्याची डहाळी बांधून, हळदकुंकू वाहून रोवलेली. ताईच्या वेळी ती मी धरली होती, म्हणजे माझा हात त्यावर होता एवढंच. लग्न नव्हतं, मुहूर्त पाहिला नव्हता. पण सकाळी सुताराच्या आधी उठून मी बाहेर गेले, आणि त्या सहा बाय सहाच्या खांबाला हळदीचं बोट लावलं. नव्या लाकडात आर्सेनिक नसतं, तांबं जास्त असतं. इतकं की साध्या खिळ्यांना ते खाऊन टाकतं, जस्ताचा जाड मुलामा दिलेलेच लागतात. त्या हिरवट लाकडावर पिवळं बोट चांगलं उठून दिसलं. सुताराला ते दिसलं असणार. त्याने खांब फिरवून उभा केला, बोट अंगणाकडे येईल असा.

सप्टेंबरच्या शेवटी पायऱ्यांची वेळ आली. किती उंचीच्या ठेवू, त्याने विचारलं. जुन्या जवळजवळ आठ इंचांच्या होत्या. मी म्हटलं, सहा. आणि पाऊल ठेवायची जागा खोल, चौदा इंच. त्याने हिशोब केला. पायऱ्या वाढतील, अंगणात जास्त पुढे येतील, पैसे वाढतील. तुमच्या दोघांचे गुडघे तर ठीक दिसतात, असं काहीसं म्हणाला. मी पुन्हा सहाच म्हटलं.

2017 मध्ये आई एकटी आली होती, सहा महिन्यांसाठी. बाबा नव्हते. शहात्तर वर्षांची होती. सकाळी आम्ही कामावर गेलो की घरात ती आणि ते काचेचं दार. जुलैचं ऊन तिने वाया जाऊ दिलं नाही. सांडगी मिरच्या भरून डेकवर चादरीवर वाळत घातल्या, कठड्याजवळ खुर्ची टाकून हातात काठी घेऊन राखत बसायची. खारीसारखे चिपमंक यायचे, मिरची उचलायचे, चावायचे, टाकायचे आणि पुन्हा यायचे. "शिकत नाहीत गो मेले," ती संध्याकाळी आम्हाला सांगायची, दिवसभरात बोलायला मिळालेलं तेवढंच. तिला खाली गवतात जायचं असायचं, अनवाणी. त्या उंच पायऱ्या ती उलटी उतरायची, विहिरीत उतरल्यासारखी, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, पायाने खालची पायरी चाचपत. एकदा मी लवकर घरी आले तेव्हा ती मधल्या पायरीवर थांबलेली दिसली. वरही येता येईना, खालीही जाता येईना. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला बघून म्हणाली, "आलीस? जरा वारा खात होते." मी तिला हात दिला. पायऱ्या बदलायला हव्यात, असं त्या रात्री आम्ही ठरवलं. मग ती परत गेली, आणि त्यानंतर तिला विमानप्रवास झेपला नाही. पायऱ्या राहिल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी काम संपलं होतं. तपासनीस येऊन गेला होता. 36 इंचांचा कठडा मोजून, गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी आहे ना हे बघून, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकायला नको. सकाळी आठ वाजता मी शाल पांघरून चहा घेऊन बाहेर गेले. दव इतकं होतं की नव्या फळ्या काळसर दिसत होत्या आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास खाली बसून राहिला होता. शेजारच्या मेपलची लाल पानं चार-पाच येऊन पडली होती. नव्या भागावर एकच खुर्ची. मी आईला व्हिडिओ लावला.

ती पुढच्या पडवीतच बसलेली होती, नेहमीच्या जागी. उन्हं उतरली होती, मागे अंगण नव्याने चोपून सारवलेलं, दसऱ्यानंतरचं. मी फोन फिरवून सगळं दाखवलं. खांब, कठडा, ॲशची जागा. ती बघत होती, मधूनच "हूं" म्हणत. मग मीच म्हटलं, "आई, तू विचारलं होतंस ना, लग्न कुणाचं. कुणाचंच नाही गं." ती म्हणाली, "बरं मग." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी विचारलं, "तुझ्या पडवीत आता कोण असतं?"

"मी असते की," ती म्हणाली. "आणि दुपारचं शेजारचं कुत्रं." तिने फोन हातात फिरवला, तिला तो नीट धरता येत नाही. आधी कौलं दिसली, मग तिरकी तुळई, आणि तुळईच्या टोकाला लुगड्याचा तो पट्टा. रंग गेलेला, पण गाठ तशीच. मग पुन्हा तिचा चेहरा, फार जवळ.

"पायरी केवढी ठेवलीस गो?"

"सहा इंच."

तिने स्वतःशीच हाताने उंची करून पाहिली, जमिनीपासून वीतभराहून कमी.

"हां," ती म्हणाली. "चढता येईल."